समाजकार्याला पात्र कोण?

बारावीचा निकाल लागला की वर्तमानपत्रांच्या कोपऱ्यात एक छोटी जाहिरात दिसू लागते. 'बी.एस.डब्ल्यू. प्रथम वर्षाचे प्रवेश सुरू. पात्रता : बारावी उत्तीर्ण, कोणतीही शाखा.' वाचणाऱ्याला वाटावे की दार सताड उघडे आहे. आम्हालाही बरीच वर्षे तसेच वाटत होते. चळवळीतल्या कितीतरी घरांतली पहिली पदवी याच दारातून आली. डॉक्टरकीला गुण नाहीत, इंजिनिअरिंगला पैसे नाहीत, मग समाजकार्य कर, असे सांगणारा एक तरी काका-मामा प्रत्येक वस्तीत असतो. त्यात वावगे काही नाही. पण हीच एक ओळ सातपुड्यात नेऊन वाचली की तिचा अर्थ बदलतो.

नंदुरबार जिल्ह्यात, अक्कलकुवा तालुक्यात, मोलगीच्या वाटेवर काठी हे गाव आहे. इंग्रजांच्या काळात पश्चिम खानदेशात जी छोटी मेवासी संस्थाने होती, त्यांतले हे एक. आज महाराष्ट्राला काठी ठाऊक आहे ती राजवाडी होळीमुळे. उंच बांबू उभारून पहाटे होळी पेटते, बुध्या आणि बावा रात्रभर नाचतात, महाराष्ट्र, गुजरात आणि मध्य प्रदेशातून माणसे डोंगर उतरून येतात. वर्तमानपत्रे दुसऱ्या दिवशी रंगीत छायाचित्रे छापतात. मोरपिसांचे टोप, कमरेची घुंगरे, अंगावरचे ठिपके. छायाचित्रातल्या त्या पोराने बारावीचा फॉर्म भरला होता काय आणि भरला असेल तर पुढे काय झाले, हे विचारायला कोणी थांबत नाही.

होळी फाल्गुनात येते, बारावीची परीक्षाही फेब्रुवारी-मार्चातच येते. दिवाळीनंतर या डोंगरातली कुटुंबे ऊसतोडीला आणि मजुरीला गुजरातेत व खाली सपाटीला उतरतात आणि होळीला परततात. म्हणजे ज्या महिन्यांत शहरातला विद्यार्थी सराव प्रश्नपत्रिका सोडवतो, त्याच महिन्यांत इथले घर गावाला नसते. पोरगी मागे राहिली तर आजीबरोबर राहते, धाकट्या भावंडांना सांभाळते. सोबत गेली तर वर्ष बुडते. बुडालेल्या वर्षासाठी पुढे प्रवेशाच्या वेळी खंड पडल्याचे प्रतिज्ञापत्र करावे लागते. पोट भरायला गेलो होतो, हे लिहून द्यावे लागते.

आमच्यातले काही जाणकार म्हणतील, समाजकार्य महाविद्यालयात जागा भरत नाहीत, बारावी झालेल्या कोणालाही प्रवेश मिळतो, मग तक्रार कसली? म्हणणे अर्धे खरे आहे. अडसर त्या एका ओळीत नाही. तो ओळीच्या खाली, बारीक टाइपात असलेल्या कागदपत्रांच्या यादीत आहे. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रके, रहिवास, उत्पन्न, जातीचा दाखला, त्याची वैधता, आधार, आधारशी जोडलेले बँक खाते, शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज. देशातले पहिले आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यातल्या टेंभलीत, पंतप्रधानांच्या हस्ते दिले गेले. क्रमांक देण्यात नंदुरबार देशात पहिला आला. २०११ च्या जनगणनेत साक्षरतेत मात्र तो ६४ टक्क्यांवर होता आणि राज्य ८२ वर.

या यादीत सर्वांत जड कागद आहे वैधता प्रमाणपत्राचा. इथे आम्हाला जपून लिहावे लागेल, कारण पडताळणी ही आमचीही मागणी होती. आदिवासींच्या नावाने खोटे दाखले काढून जागा आणि नोकऱ्या लाटणाऱ्यांची संख्या वाढली, सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये माधुरी पाटील प्रकरणात पडताळणी समित्यांची चौकट घालून दिली, राज्याने कायदा केला आणि तो ऑक्टोबर २००१ पासून लागू झाला. हे व्हायलाच हवे होते. पण चोराला पकडण्यासाठी लावलेल्या चाळणीत घरधनी कसा अडकतो ते पाहा. अनुसूचित जमातीसाठी पुरावा शोधायचा तो ६ सप्टेंबर १९५० च्या आसपासचा किंवा त्याआधीचा. जुना कागद जितका जास्त जुना, तितके त्याचे वजन जास्त. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्येही संविधानपूर्व कागदपत्रांना अधिक मोल असल्याचे सांगितले. आता सातपुड्याच्या पाड्यावर १९५० आधीचा शाळेचा दाखला कोणाचा निघणार? पणजोबाच्या वेळी शाळाच नव्हती. ज्याने खोटा कागद करायचा ठरवले आहे, तो कागदाशिवाय समितीपुढे जातच नाही. कागद नसतो तो खऱ्याजवळ.

वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात एकाला वैधता मिळालेली असली की पुढच्यांचे काम सोपे होते, ही तरतूद चांगली आहे. पण घराण्यातून पहिल्यांदाच कॉलेजच्या पायरीवर आलेल्या पोरीने कोणाची वैधता जोडायची? ती पहिली आहे, हाच तिचा गुन्हा.

याच देशात दुसरा एक कायदा आहे. २००६ चा वनहक्क कायदा. त्याच्या नियमांत जमिनीच्या दाव्यासाठी गावातल्या वडीलधाऱ्यांचे लेखी घेतलेले कथन पुरावा म्हणून मान्य आहे. म्हणजे जंगलातली जमीन कोण कसत आले हे सांगायला म्हाताऱ्याची जबानी चालते, आणि त्याच म्हाताऱ्याची नात त्याच जमातीची आहे हे ठरवताना आधी जुना कागद मागितला जातो. एक कायदा केंद्राचा, दुसरा राज्याचा, पण दोन्हींची खाती एकाच जिल्ह्याच्या गावी. जातपडताळणीत सांस्कृतिक आप्तभावाची चौकशी असते, ती वाईट नाही, पण तिचे वजन कागदानंतरचे. वनहक्काच्या नियमातली ही अक्कल शिक्षणाच्या दाराशी का आणता येत नाही, याचे उत्तर आदिवासी विकास विभागाने द्यावे.

आता कागद जुळले असे समजू. पोरगी अक्कलकुव्याहून नंदुरबार, तिथून धुळे, धुळ्याजवळच्या मोराण्याला किंवा पुढे चोपडा-जळगावला समाजकार्य महाविद्यालयात पोहोचली असे समजू. मुलाखत असेल तिथे पहिला प्रश्न ठरलेला असतो. 'तुम्हाला समाजसेवेची आवड आहे का?' या प्रश्नातच आमचा सगळा वाद आहे.

समाजकार्याच्या अभ्यासक्रमात तीन मुख्य पद्धती शिकवतात. व्यक्ती सहयोग कार्य, गट कार्य आणि समुदाय संघटन. आठवड्यातले ठरावीक दिवस क्षेत्रकार्य असते. वर्षातून एकदा ग्रामीण शिबिर असते, त्यासाठी शहरातल्या विद्यार्थ्यांची बस एखाद्या आदिवासी गावात येते. काही दिवस राहतात, सर्वेक्षण करतात, पथनाट्य करतात, अहवाल लिहितात आणि त्याला गुण मिळतात. जिच्या पाड्यावर हे शिबिर होते, ती रस्ता नसलेल्या उतारावरून आजारी बाईला बांबूच्या झोळीत घालून दवाखान्यापर्यंत नेणाऱ्या चौघांच्या पुढे कंदील धरून चाललेली असते. तिने वनहक्काचे अर्ज शेजाऱ्यांना वाचून दाखवलेले असतात. अंगणवाडीच्या बाईंना नोयरी किंवा पावरीतून घरच्यांचे म्हणणे समजावून दिलेले असते. हे सारे करून झालेल्या मुलीला विचारायचे, सेवेची आवड आहे का! तिने काय सांगायचे? तिला वाटते आवडीचा विषय म्हणजे चित्रकला किंवा गाणे. ती गप्प राहते. समोरचे लिहितात : संवादकौशल्य कमी.

तिचे संवादकौशल्य मोजायचे असेल तर मोलगीच्या बाजारात मोजा. ती घरात एक बोली बोलते, शेजारच्या पाड्याशी दुसरी, बाजारात गुजराती समजते, शाळेत प्रमाण मराठी लिहिते. चार भाषा येणारी मुलगी पाचव्या भाषेत, म्हणजे मुलाखतीच्या भाषेत, अडखळली म्हणून मागे पडते. उद्या याच भागातल्या रुग्णालयात रुग्णाशी बोलायला, वसतिगृहात मुलांना सांभाळायला, बालविकासाच्या योजनेत घरोघर जायला माणूस हवा असतो. तिथे नेमलेला पदवीधर दुभाषा शोधत फिरतो. आणि दुभाषा कोण, तर प्रवेश न मिळालेली हीच मुलगी, बिनपगारी.

हे दार मुळात कोणासाठी बांधले गेले तेही पाहावे. मुंबईत १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले. त्याचे पहिले प्रमुख क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकन मिशनचे गृहस्थ नागपाड्याच्या कामगार वस्तीत १९२६ पासून काम करीत होते. त्यांच्या तळमळीबद्दल आम्हाला आदर आहे. पण नावातच ग्रॅज्युएट आहे. त्या काळी पदवीधर कोण होते आणि ज्यांच्या वस्तीत जाऊन काम करायचे ते कोण होते, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. समाजकार्य करणारा एक, आणि ज्याच्यावर करायचे तो दुसरा, ही फाळणी पहिल्या दिवसापासून इमारतीत चिणली गेली.

त्याच मुंबईत त्याआधी बारा वर्षे, १९२४ मध्ये, बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा काढली होती. १९२५ मध्ये सभेने सोलापुरात वसतिगृह सुरू केले. तिथे काम करणाऱ्याला कोणी आवड विचारली नाही. ज्यांचा प्रश्न होता तेच उभे राहिले.

आणि क्षेत्रकार्याचे म्हणाल तर ते बाबासाहेबांनी खानदेशातच केले आहे. मुंबई सरकारने १९२८ मध्ये स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. अस्पृश्यांबरोबरच आदिवासी जमातींच्याही शैक्षणिक, आर्थिक, सामाजिक स्थितीची चौकशी तिच्याकडे होती, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. बाबासाहेब या समितीचे सभासद होते, ठक्करबाप्पाही होते. १९२९ मध्ये दौऱ्यासाठी समितीची विभागणी झाली तेव्हा खानदेशचे दोन्ही जिल्हे बाबासाहेबांच्या आणि आणखी एका सभासदाच्या वाट्याला आले. काठी ज्या मुलखात आहे तो पश्चिम खानदेश त्यांतलाच. परतताना एका बहिष्काराच्या प्रकरणाची चौकशी करायला ते चाळीसगावला उतरले. टांगेवाल्यांनी अस्पृश्याला नेण्यास नकार दिला. शेवटी टांगा मिळाला पण हाकणारा मिळाला नाही, न हाकता येणारा आपलाच माणूस पुढे बसला, आणि पुलाजवळ टांगा उलटून बाबासाहेबांचा पाय मोडला. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेतलेल्या माणसाची ही खानदेशातली क्षेत्रभेट. त्या टांग्यावर बसलेल्या आपल्या माणसाला टांगा हाकता येत नव्हता, तरी तो बसला. ही गोष्ट बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे, आणि त्या माणसाला दोष न देता लिहिली आहे.

त्या समितीने १९३० मध्ये अहवाल दिला. शिष्यवृत्त्या द्या, वसतिगृहे काढा, हे तिच्या शिफारशींत होते. पुढे १९४४ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. नंतर ती आदिवासींनाही लागू झाली. आज अडीच लाखांची उत्पन्नमर्यादा असलेली शिष्यवृत्ती ती हीच. तिचा आणि प्रवेशाच्या अटीचा संबंध काय, असे कोणी विचारील. फार जवळचा आहे. शिष्यवृत्ती वेळेवर येत नसेल तर आधी पैसे भरण्याची ऐपत हीच न लिहिलेली पात्रता होते. फेब्रुवारी २०१८ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेचे विद्यार्थी मुंबईपासून तुळजापूर, हैदराबाद, गुवाहाटीपर्यंत संपावर गेले, ते याच कारणाने. शिष्यवृत्तीधारक मागास विद्यार्थ्यांना वसतिगृह आणि भोजनाच्या शुल्कात मिळणारी सूट काढून घेतली गेली होती. सामाजिक न्याय शिकवणाऱ्या देशातल्या सर्वांत नामवंत संस्थेच्या दारात सामाजिक न्यायासाठी धरणे धरावे लागले. मग काठीच्या पोरीने कोणत्या भरवशावर निघावे?

आमचेही चुकले आहे, ते लपवणार नाही. राज्यातली अनुदानित समाजकार्य महाविद्यालये उच्च शिक्षण खात्याकडे नसून सामाजिक न्याय विभागाकडे आहेत. त्यांतल्या काहींचे चालक आमच्याच चळवळीच्या व्यासपीठावर भाषणे करतात. त्यांना आम्ही कधी विचारले काय, की तुमच्या प्रथम वर्षाच्या वर्गात डोंगरातली मुले किती? अनुसूचित जमातीची राखीव टक्केवारी राज्यभर ७ आहे. नंदुरबार जिल्ह्याच्या लोकसंख्येत आदिवासी ६९ टक्के आहेत. ७ टक्के भरले म्हणून पाठ थोपटून घेणारा खानदेशातला चालक नेमका कशाबद्दल समाधानी आहे? आणि आम्ही बौद्ध वस्तीतले लोक आमच्या पोरांचे प्रवेश झाले की घरी परततो. संविधानाच्या १५ (४) आणि ४६ या कलमांत दोन्ही नावे शेजारी शेजारी लिहिली आहेत, एवढे तरी आठवावे.

१९७० च्या दशकाच्या आरंभी शहादा-तळोदा भागात भिल्ल शेतमजुरांनी गहाण आणि बळकावलेल्या जमिनींसाठी, मजुरीसाठी आणि बायकांच्या अब्रूसाठी जी चळवळ उभी केली, ती अंबरसिंग महाराजांसारख्या भजनातून पुढे आलेल्या माणसाने केली. समुदाय संघटन या विषयाचा याहून चांगला धडा कोणत्या क्रमिक पुस्तकात आहे? पण अंबरसिंग महाराज आज बी.एस.डब्ल्यू.च्या खिडकीवर उभे राहिले असते तर त्यांच्या अर्जात त्या कामासाठी एकही रकाना नव्हता.

रकाना असू शकतो, हे आम्ही हवेत बोलत नाही. न्यूझीलंडमध्ये २००३ च्या कायद्यानुसार समाजकार्यकर्ता म्हणून नोंदणी हवी असेल तर माओरी लोकांबरोबर काम करण्याची क्षमता दाखवावी लागते. तिथे मूळ रहिवाशांची भाषा आणि रीत कळणे हा उपकार नाही, पात्रतेचा भाग आहे. समाजकार्याच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०१४ मध्ये जी व्याख्या स्वीकारली, तिच्यात सामाजिक शास्त्रांच्या जोडीला मूळनिवासी समाजांच्या ज्ञानाचा उल्लेख आहे. आपल्याकडे ही व्याख्या पहिल्या वर्षाच्या पहिल्या पाठात पाठ करून घेतात, आणि ते ज्ञान असलेल्या माणसाला दाराबाहेर ठेवून करून घेतात.

दिल्लीकडे बोट दाखवून सुटका करून घेण्याचीही सोय इथे नाही. वकिलीला बार कौन्सिल आहे, तशी समाजकार्याच्या पदवीला सगळ्या अटी घालून देणारी एकच परिषद आपल्याकडे नाही. प्रवेशाचे नियम बऱ्याच अंशी विद्यापीठ ठरवते. आमच्या भागाचे विद्यापीठ जळगावला आहे, १९९० मध्ये ते स्थापन झाले ते खानदेशच्या मुलांना पुण्याकडे तोंड करून बसावे लागू नये म्हणूनच, आणि २०१८ पासून त्याला बहिणाबाई चौधरींचे नाव आहे. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईचे नाव विद्यापीठाला देणाऱ्यांना, शाळेबाहेरचे ज्ञान प्रवेशात मोजा, हे सांगणे जड जाऊ नये. बारावीची अट राहू द्या. तिच्या वर, गुणवत्ता यादी लावताना, अनुसूचित क्षेत्रातली बोली येणाऱ्याला गुण द्या आणि ती बोली तपासायला त्या बोलीचा माणूस बसवा. ग्रामसभेने लिहून दिलेल्या कामाला गुण द्या. मुलाखत घ्यायचीच असेल तर दुभाषा द्या, नाहीतर मोलगीला येऊन घ्या. खंड पडल्याचे प्रतिज्ञापत्र स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांना माफ करा, ग्रामपंचायतीचा दाखला पुरे. वैधतेचा अर्ज समितीकडे पडून आहे म्हणून कोणाचाही प्रवेश रद्द करू नका.

ग्रामसभेचे दाखले गावच्या पुढाऱ्याच्या घरी वाटले जातील, ही शंका आम्हालाही येते. येईल तेव्हा ओरडू. गुणपत्रिकाही विकत मिळतात, म्हणून कोणी परीक्षा बंद केलेली नाही.

विद्यापीठाच्या समाजकार्य अभ्यासमंडळापुढे हा विषय ठेवायचा तर नुसती भाषणे चालणार नाहीत, प्रकरणे लागतील. अक्कलकुवा, धडगाव, तळोदा भागातले आमचे वाचक, आश्रमशाळांतले शिक्षक, एस.टी. आणि दवाखान्यातले कर्मचारी यांना आमची विनंती आहे. आपल्या ओळखीच्या पाड्यावर बारावी होऊन घरी बसलेल्या मुला-मुलींकडे एकदा जावे. कोणत्या वर्षी प्रवेशाला गेले, कोणता कागद कमी पडला, कोणत्या खिडकीवरून परत पाठवले, येण्याजाण्याला किती पैसे लागले, एवढे एका कागदावर लिहून घ्यावे. मुलाचे नाव छापले जाणार नाही. मजकूर मराठीत नसला, नोयरीत किंवा देहवालीत असला तरी चालेल. वाचून घेणारा माणूस आम्ही शोधू.